पिल्लांच्या दिव्याची तोडलेली जोडणी

प्रति,
श्री. गुणवंत केळुस्कर,
विद्युत अधिकारी,
नवविहार वसाहत कार्यालय, नोएडा परिसर.

विषय : घराची तोडलेली वीजजोडणी आजच्या आज पूर्ववत होणेबाबत. (कोंबडीची पिल्ले थंडीने मरत आहेत.)

संदर्भ : माझे यापूर्वीचे हिंदीतील अर्ज, उत्तर अप्राप्त.

महोदय,

आपल्या दारावरील पाटीवर आपले आडनाव वाचले, म्हणून हा अर्ज मराठीत करण्याचे धाडस करीत आहे. हिंदीत जे लिहिले ते बहुधा नीट लिहिता आले नसावे.

१. माझे पती श्री. हणमंत दरेकर टीव्ही जोडणीच्या कारखान्यात पर्यवेक्षक होते. परदेशी टीव्ही दुकानांत आले आणि कारखान्यास कुलूप लागले. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दाढी करीत नसत, विचारल्याशिवाय बोलत नसत. नाताळाच्या सुमारास मी ओळखीच्या पोल्ट्रीतून एक दिवसाची पिल्ले आणली. पोल्ट्रीवाल्याने बजावले होते, "बहनजी, इस ठंड में मत लीजिए." मी ऐकले नाही, कारण घरात काहीतरी हलते-बोलते हवे होते.

२. पिल्ले पाहून हे उठले. मागच्या खोलीत त्यांनी पत्र्याचे गोल कडे उभे केले, खाली भाताचे तूस पसरले, वर बल्ब टांगले. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, दूर पळाली तर उकडते आहे, हे त्यांनी बघून बघून ओळखले. एके दिवशी मला हाक मारून म्हणाले, "गिरिजा, बघ, सगळीकडे सारखी पांगलीत. जमलं!" कितीतरी दिवसांनी त्यांनी मला आपणहून हाक मारली होती. हे कार्यालयीन कामाशी संबंधित नाही याची जाणीव आहे, तरी नमूद करते.

३. त्यानंतर आपले निरीक्षक आले. घरात दिवसाढवळ्या बल्ब जळतात, सबब हा व्यवसाय आहे, असे सांगून त्यांनी खोलीचीच नव्हे, संपूर्ण घराची जोडणी तोडविली. मी आपल्या कार्यालयात आले असता बाबूंनी विचारले, "मुर्गियाँ घरेलू हैं या कमर्शियल?" मी म्हणाले, अजून त्यांना पिसेसुद्धा नीट फुटलेली नाहीत. त्यांनी पशुपालन खात्याचा दाखला मागितला. त्या खात्याने सांगितले की पिल्ले जिवंत व सुस्थितीत दिसल्यास दाखला मिळेल, परंतु तपासणीस येण्यासाठी जागेत वीज असणे आवश्यक आहे.

४. शेजारच्या हेमलताबाईंनी भिंतीवरून वायर दिली. निरीक्षकांनी तीही काढविली व त्यांची जोडणी तोडण्याची ताकीद दिली. त्या माऊलीने रडत वायर गुंडाळली. मग आम्ही शेगडी पेटवली, तर धुराने पिल्ले चोची वासून धापा टाकू लागली. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून ठेवल्या. त्या निवतात तशी पिल्ले एकमेकांवर चढतात, आणि ढीग उपसला की तळाची मेलेली निघतात. बाहेर धुके असे की अंगणातले फाटकही दिसत नाही. उन्हाची वाट पाहण्यात अर्थ उरलेला नाही.

५. महोदय, आता मुख्य गोष्ट लिहिते. यजमान त्या खोलीतून बाहेर येत नाहीत. पिल्ले कोटाच्या आत घालून, बटणे लावून, छातीशी धरून बसतात. त्यांना ताप आहे, छाती भरली आहे. डॉक्टरांनी ऊब घ्या, पडून राहा असे सांगितले. मी रजई पांघरली तर ती त्यांनी पत्र्याच्या कड्यावर टाकली. "आधी यांचं बघ," म्हणाले. मी चिडून ओरडले, कोंबडीच्या पिल्लांसाठी मरणार आहात का? ते पुन्हा भिंतीकडे वळले. पिल्ले गेली तर मी दुसरी आणीन. हे पुन्हा उठतील याची हमी मला कोणते खाते देणार?

६. सबब विनंती की, जोडणी आजच द्यावी. चौकशी, दंड, दाखला, जे काही नियमात असेल ते मागाहून करावे, मी हजर राहीन. पिल्ले घरगुती ठरत नसतील तर माझ्या पतींना घरगुती समजून त्यांच्या नावे एक बल्ब मंजूर करावा.

७. आज सकाळी उरलेली पिल्ले खोक्यात घालून मी निघाले, तेव्हा यजमान तापातच पाठोपाठ आले. आपण बैठकीस गेल्याचे कळले. शिपाई श्याम यांनी खोक्यात डोकावून पाहिले आणि आपल्या, म्हणजे महोदयांच्या, खोलीतला हीटर लावून दिला. "साहब के आने तक रख दीजिए," असे म्हणाले. त्यांना कृपया बोल लावू नये, दोष माझा आहे. यजमान बाहेर व्हरांड्यातील बाकावर बसले आहेत. साहेबांच्या खोलीत परवानगीशिवाय जायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. ती परवानगी आपण आल्याबरोबर द्यावी.

आपल्या उत्तरासाठी दाराशीच थांबलेली,

सौ. गिरिजा हणमंत दरेकर
दि. ११ जानेवारी १९९५

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी.
२) पिल्ले, जिवंत, खोक्यासह. आपल्या टेबलाखाली ठेवली आहेत. बसताना पाय जपून ठेवावेत, ही नम्र विनंती.