तलावाच्या बंगल्याखालची वाट

गेल्या आठवड्यात एका सकाळी चूल सारवली, जवळा वाळत घातला आणि पुडीचा कागद वाचायला घेतला. अशाच कागदांवर मी वाचायला शिकले. जाहिरात होती : "बेलापूर. डोंगरउतारावर देखणा बंगला विकणे आहे. खाडीचे दृश्य, शुद्ध हवा, पोहण्याचा तलाव, खासगी रस्ता." तो रस्ता माझा आहे. भात करपला.

म्हणून मी, वेणूबाई गंगाराम मढवी, वय अंदाजे साठ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता, माझ्यामागे काय व्हावे ते लिहिते.

राहते घर आणि होडीतला हिस्सा मुलगा जयदेव याचा. पाटा-वरवंटा सुनेचा, त्याने कधी वाटण वाटलेले नाही.

माझ्या मालकांचा पाग, म्हणजे फेकायचे जाळे, मी अजून दरसाल दुरुस्त करते. आता तो कोणी फेकत नाही. तो माझ्याबरोबर जाळावा.

डोंगराखालची पट्टी, जिच्यातून झऱ्याची वाट (जाहिरातीतला 'खासगी रस्ता') जाते, ती मुलगी पुतळा हिला. कारण लिहिते. वरचा माळ मालकांनी बंगलेवाल्या साहेबाला स्वस्तात दिला, कारण साहेब म्हणाला, "इथे तलाव बांधणार." आमच्याकडे तलाव म्हणजे गावाचा. वैशाखात इथल्या विहिरी खाऱ्या होतात. तलाव भरला तेव्हा बाया हंडे घेऊन चढल्या. रखवालदाराने फाटकातूनच परत पाठवल्या. पुढे मरेपर्यंत मालकांना कोणीतरी विचारायचेच, "काय गंगाराम, भरला का तुजा तलाव?" ते हसायचे, आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. पट्टी माझ्या नावे करताना एवढेच म्हणाले, "ही इकू नको."

परवा जयदेव दलालाला घेऊन आला.

दलाल म्हणाला, "आजी, ही पट्टी विका. गाडी वर जात नसेल तर बंगला घेणार कोण?"

"पायी जा ना. हवा शुद्ध हाय, तुमीच छापलंय."

जयदेव म्हणाला, "आये, आता नळ येनार हाय."

"आला की मग बोल."

त्याच्यावर राग नाही. पण पुतळा गावातच दिलेली, अजून हंडा वाहते. तिनेही पट्टी विकू नये. वाट सगळ्यांना मोकळी ठेवावी.

"उद्या कागद घेऊन येतो," असे सांगून दलाल गेला. दुसऱ्या दिवशी मी पट्टीच्या तोंडाशी दोन मोठे धोंडे पुरून घेतले. मधे डोक्यावर हंडा घेतलेली बाई जाईल एवढी जागा ठेवली.

बेलापूर गाव, १२ मे १९८४
सही : वेणूबाई गंगाराम मढवी
साक्षीदार : श्यामसुंदर घरत (सही), गोजरा भोईर (डाव्या हाताचा अंगठा)