सूनबाई कॉलवर येतील

मुरगूड, १२ फेब्रुवारी २००१

चि. सौ. पूर्णिमास गणपतरावांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीनंतर तू घर सोडून राजारामपुरीला माहेरी गेलीस, तेव्हापासून मी पत्र घातलं नाही. सासऱ्यानं आधी लिहायचं असतं का, या विचारात राहिलो. पण मोठेपणा कुणीतरी दाखवायला पाहिजे, तो मी दाखवतोय.

कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स पुरा करून तू एका दुकानात नोकरीला लागलीस, असं कानावर आलं. पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर घालून दवाखान्या-कचेऱ्यांतून फिरतेस म्हणे. आपल्या घराण्यात बायकांनी बल्बसुद्धा बदललेला नाही. असो.

आनंदाची बातमी अशी, की सयाजीला मी बाजारपेठेत इंटरनेट कॅफे काढून दिलं. बायको कॉम्प्युटर शिकते म्हटल्यावर नवऱ्यानं निदान विकत तरी घ्यावेत. नाव 'गणपतराव सायबर कॅफे'. फीत मीच कापली. चार कॉम्प्युटर आहेत, देवाच्या कृपेनं एक चालू आहे. कोल्हापूरचा मेकॅनिक येतो, झाकण उघडतो, सुस्कारा सोडतो आणि जेवून जातो.

तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं. तुझ्या आत्तीला सुनेशिवाय घास गोड लागत नाही. झालं गेलं विसर आणि नांदायला ये. येताना हत्यारं विसरू नकोस.

तुझं भलं चिंतणारा सासरा,
गणपतराव


राजारामपुरी, कोल्हापूर, १९ फेब्रुवारी २००१

ती. मामांना पूर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. आठवण काढलीत, बरं वाटलं. तीन कॉम्प्युटर बंद पडल्यावर काढलीत, हेही लक्षात आलं.

मी घर सोडून गेले असं आपण लिहिता, त्यात एक दुरुस्ती. कोर्स तरी कर न्हाय तर घर तरी सांभाळ, एक काय ते सांग, असं आपण सोप्यावर बसून म्हणालात. मी सांगितलं. आत्ती रडल्या. हे मात्र फरशीकडं बघत राहिले, जणू उत्तर तिथं लिहिलंय. आपल्या बोलण्यापेक्षा यांचं गप्प बसणं मला जास्त लागलं.

नोकरी बरी चालली आहे. काल एका वकीलसाहेबांचा फोन आला, की कॉम्प्युटर एकच अक्षर लिहीत सुटलाय. जाऊन बघते तर की-बोर्डवर फायलींचा गठ्ठा ठेवलेला. साहेब माझ्यावरच रागावले, का तर गठ्ठा उचलायला यायला मला उशीर झाला. परवा एका डॉक्टरांनी मला बघून विचारलं, मेकॅनिक कुठंय. मागून येतोय, असं सांगून मी काम उरकलं. मी निघाले तरी ते दाराकडंच बघत होते.

मी मुरगूडला येईन, पण कॉलवर, म्हणजे दुरुस्तीच्या कामापुरती. आमच्या मालकांना, पिराजीरावांना दुकानात फोन करा, ते तारीख देतील.

आत्तींना नमस्कार. आपला लोभ कॉम्प्युटर दुरुस्त झाल्यावरही टिकावा, एवढंच मागणं.

आपली सून,
पूर्णिमा


मुरगूड, २६ फेब्रुवारी २००१

चि. सौ. पूर्णिमास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुनेला बोलवायला दुकानात फोन करायचा, असं उभ्या कागल तालुक्यात कुणी ऐकलं नसेल. तरी केला. पिराजीरावानं विचारलं, तक्रार कशाची हाय. मी म्हटलं, सुनेची. तो म्हणाला, त्याची गॅरंटी आमच्याकडं न्हाय, कॉम्प्युटरचं बोला.

पुढच्या बुधवारची तारीख मिळाली. सून रजेवर घरी येतेय, असं मी गावात सांगून ठेवलंय. 'कॉल' हा शब्द वेशीच्या बाहेर ठेवून ये. आत्तीनं मटणाचा बेत केलाय.

वाट बघणारा,
गणपतराव


राजारामपुरी, १२ मार्च २००१

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

बुधवारी आपण चहाला म्हणून बाहेर पडलात ते मी निघेपर्यंत परतला नाहीत, म्हणून लिहून कळवते.

चारही कॉम्प्युटर चालू आहेत. कॅफेला अर्थिंगच नव्हतं. त्याची वायर भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळलेली आणि त्याच खिळ्यावर आपला फीत कापतानाचा फोटो. वीज फोटोतून जमिनीत जात नाही. उदबत्तीही कॉम्प्युटरच्या पंख्यासमोर लावू नये, राख आत साचते. तिचा मान देवाला द्यावा.

बाकीचं आपल्यासमोरच झालं, तरी लिहिते. सुनेला ही विद्या आम्हीच शिकवली, असं आपण गिऱ्हाइकांना सांगितलंत. तिथवर मी ऐकून घेतलं. मग उद्यापासून ती इथंच गल्ल्यावर बसंल म्हणालात आणि माझी हत्यारांची पिशवी उचलून कपाटात घातलीत. मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. आवाज चढवला नाही. आबा, पिशवी द्या, म्हणाले, ती कामाला आलीया, काम झालं की जाईल. मागच्या खेपेला मी गप बसलो, आता न्हाय बसणार. बायकोनं पढवलं काय रं, असं आपण विचारलंत. तर म्हणाले, तिनं पढवलं असतं तर मला हे कवाच आलं असतं. कपाट त्यांनीच उघडलं, आणि आपल्याला चहा आठवला.

स्टँडपर्यंत पिशवी घेऊन ते माझ्याबरोबर आले. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, तरी आतली हत्यारं वाजत होती. मला हसू आलं, आणि लगेच गेलं.

आज सकाळी ते इथं दुकानात हजर झाले. काम शिकायचंय म्हणतात. पिराजीरावांनी एक स्टूल दिलंय आणि धूळ झाडायला ब्रश. उतरलेत मित्राकडं. आमच्या घरी या, असं मी अजून म्हटलेलं नाही. धूळ नीट झाडतात का, ते आधी बघते.

आत्तींनी बांधून दिलेलं मटण छान झालं होतं. राग ओसरला की आशीर्वाद पाठवावेत.

पूर्णिमा


मुरगूड, ३ एप्रिल २००१

चि. सौ. पूर्णिमास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोरगा तिकडं गेल्यावर कॅफेत बसायला मीच उरलो. पोरं येऊन आजोबा, ईमेल उघडंना, म्हणतात. मी त्यांना दम देतो, तरी ते उघडत नाही. काल शाळेतल्या एका मुलीनं मला माऊस धरायला शिकवलं. तुझी आत्ती दारात उभी राहून हसत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्यावर हसलेली मी पहिल्यांदा बघितली.

गावात विचारतात, सयाजी कुठं असतो. पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं, की सुनेच्या हाताखाली शिकतोय. आता तसंच सांगतो.

आज सकाळपासून दोन नंबरच्या कॉम्प्युटरचा पडदा निळा झालाय, त्यावर पांढरं इंग्रजी आलंय. मी हात लावलेला नाही. सयाजीला विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून तुला लिहितोय. तुम्ही दोघं कधी येणार, ते विचारत नाही. कुठलं बटण दाबायचं, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा सासरा,
गणपतराव