तोंड रिकामं झालं त्याची हकिकत

इंदूर,
भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस

आदरणीय शंकररावजी यांना गजाननचा नमस्कार आणि दिवाळीच्या (उरलेल्या) शुभेच्छा.

आपले गुडघे कसे आहेत? बडोद्याला थंडी पडू लागली असेल तर तेल लावणं सोडू नये. वहिनींची शुगर ताब्यात असेल असं धरून चालतो. इकडे आमची लेक श्रेया मजेत आहे. शारदा, म्हणजे आपली बहीण, माझ्याशी मोजकंच बोलते, पण प्रकृतीनं उत्तम आहे. आपण म्हणाल, मोबाइल खिशात असताना हा माणूस पत्र का लिहितो? तर फोनवर बोलावं लागतं, आणि मला रविवारपर्यंत घरात आणि घराबाहेर बोलायची मनाई झालेली आहे. लिहिण्याविषयी अजून कुणी काही म्हटलेलं नाही.

सुरुवात दाढेपासून झाली. दसऱ्याच्या दोन दिवस आधी डावी दाढ ठणकायला लागली म्हणून दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलगी श्रेयाच्या वयाची. तिनं दाढेकडे धड पाहिलंसुद्धा नाही. गालाच्या आत आरसा घालून बराच वेळ बघत राहिली आणि मग असिस्टंटला म्हणाली, “हे बघ.” (दोघांनी मिळून आपल्या तोंडात डोकावणं हे लक्षण काही चांगलं नसतं.) चौतीस वर्षं मी जिथे तंबाखूचा बार धरत आलो, नेमका तिथे पांढरा डाग होता. ती म्हणाली, “अंकल, आजपासून बंद. महिन्याभरानं दाखवा. डाग तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवू.” मी विचारलं, दिवाळीनंतर सोडली तर चालेल का? सणासुदीचे दिवस आहेत. त्यावर ती म्हणाली, “दिवाळी तर दर वर्षी येते, अंकल.” पुढचं वाक्य तिनं बोलून दाखवलं नाही, एवढं सौजन्य तिच्यात होतं. मी घरी येऊन डबी दिली शारदाच्या हातात. शारदानं खजराना गणपतीला नारळ कबूल केला.

पहिला आठवडा सांगण्यासारखा नाही, तरी सांगतो. सकाळी चहानंतर तंबाखू मळायची, मग पोट साफ व्हायचं, असा चौतीस वर्षांचा क्रम. त्यातली मधली पायरी काढून घेतल्यावर पोटाला काय करायचं तेच समजेना. बडीशेप चघळली, लवंग चघळली, भाजलेले धणे चघळले. सुपारीला डॉक्टरीणबाईंची बंदी. सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन तीन दिवस लागोपाठ गराडूचे तळलेले काप खाल्ले, वर तिखट जिरावण मसाला मारके. त्यानं तोंड पोळलं आणि डाग बघायला घेतलेल्या आरशात सगळंच लाल दिसू लागलं. तळहात मात्र ऐकेना. बसल्या बसल्या डाव्या पंजावर उजव्या अंगठ्यानं काही नसलेलं मळत राहायचो, आणि मळून झालं की वरून एक थापही मारायचो. चौथ्या दिवशी आमचा जयेश पानवाला स्वतः घरी आला. शारदानं दार उघडलं तर चपला बाहेर काढून, हात जोडून उभा. हळूच विचारतो, “काकीजी, काकाजी… हैं ना?”

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी मला कुणीच आधी सांगितली नव्हती. मी बडबड्या माणूस आहे. आपण मला आजवर शांत, समजूतदार म्हणून ओळखता. ऑफिसात मी बावीस वर्षं तक्रारींच्या खिडकीवर होतो. लोक येऊन तावातावानं ओरडायचे, माझ्या तोंडात बार असायचा, त्यामुळे मी नुसतं “हं” म्हणायचो, आणि वीस मिनिटांनी माणूस निवून, आभार मानून जायचा. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी मला ‘धीरगंभीर’ म्हटलं होतं, ती शाल अजून कपाटात आहे. त्या शालीवर खरं तर तंबाखूचा हक्क आहे. तोंड रिकामं झाल्याबरोबर आत साठलेलं सगळं दाराशी येऊन उभं राहिलं. धनत्रयोदशीला शारदानं नेहमीप्रमाणे चकली पुढे केली आणि विचारलं, “कशी झालीय?” मी म्हटलं, “वातड.” ती म्हणाली, “या वर्षी?” मी म्हटलं, “दर वर्षी.” (खोटं बोलायची सवय नव्हती, कारण बोलायचीच नव्हती.) त्यानंतर ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ डबे लावत बसली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी श्रेयाच्या सासरची, म्हणजे होणाऱ्या सासरची, मंडळी फराळाला आली. विजय नगरला राहतात, आपल्याला फोटो पाठवलाच आहे. मुलगा नीरज, त्याची आई आणि वडील अभिरामराव. याआधीच्या दोन भेटींत मी बार धरून बसलो होतो आणि अभिरामराव बोलत होते. जाताना ते म्हणाले होते, असे शांत व्याही नशिबानं मिळतात. या वेळीही ते सोफ्यावर टेकून म्हणाले, “हे पाहा गजाननराव, अपना सीधा हिसाब है. लग्नानंतर श्रेयानं नोकरी केली तर आमची काही हरकत नाही. आमच्याकडून परमिशन आहे.”

मी म्हटलं, “नीरजरावांनीही चालू ठेवली तर आमची काही हरकत नाही.”

शंकररावजी, देवाशपथ सांगतो, यात टोमणा नव्हता. त्यांनी एक परवानगी दिली, आपणही एक द्यावी, असं मला रीतीला धरून वाटलं. अभिरामरावांनी शेव घेतली, ठेवली, आणि विषय बदलावा म्हणून म्हणाले, सून आली की हिलाही जरा आराम, अठ्ठावीस वर्षं एकटीनं घर ओढतेय. मी म्हटलं, “एकटीनं? म्हणजे आपण तेव्हा बाहेरगावी होतात का?” हेही मी माहितीसाठीच विचारलं होतं. विहीणबाईंना जोराचा ठसका लागला. शारदा पाणी आणायला उठली ती परत बाहेर यायला तयार होईना. नीरज बिचारा भला मुलगा, काहीतरी करायचं म्हणून त्यानं सगळ्यांच्या प्लेटा गोळा केल्या, पण घर नवखं, तो त्या घेऊन देवघरात गेला. अभिरामराव उठले, “चलिए,” म्हणाले आणि बुटाच्या नाड्या न बांधता जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या बशीत बिस्किटांऐवजी तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. जिनं चौतीस वर्षं जयेशच्या टपरीसमोरून जाताना रस्ता ओलांडला, ती शारदा स्वतः जाऊन ती घेऊन आली होती. म्हणाली, “लग्न होईपर्यंत खा. मग सोडा.” मी पुडीकडे बघत राहिलो. वासानं तोंडाला पाणी सुटलं, हेही लिहितो. मी तिला विचारलं, “आणि डाग?” त्यावर ती रडायलाच लागली. म्हणाली, “डाग मला कळतो हो. पण मी संसार केला तो गप्प माणसाशी. मला आपलं वाटायचं, चकली आवडते. हा बोलणारा कोण आलाय, मला ओळखता येत नाही.” मी म्हटलं, “मलाही नाही. पण दोघं मिळून ओळख करून घेऊ.” एवढ्यात श्रेया आली, तिनं बशी पाहिली आणि म्हणाली, “बाबा, काल तुम्ही त्यांना बोललात ना, ते मी बोलणार होते. दोनदा ओठांपर्यंत आलं, हिंमत नहीं हुई.” आणि तिनं ती बशी माझ्यासमोरून उचलली.

पुडी टाकायला मीच कचरागाडीपाशी गेलो. आपल्या इंदुरात हे काम सोपं नाही. गाडीवरचा म्हणाला, “भिया, तंबाखू गीले में, पन्नी सूखे में.” मी रस्त्यात उभा राहून पुडी फाडली, तंबाखू ओल्यात झटकली, प्लॅस्टिकची पन्नी सुक्यात टाकली. चुन्याच्या डबीपाशी आमचे मतभेद झाले, मागे चार बायका आपापल्या बादल्या घेऊन खोळंबल्या, आणि मला पुन्हा बोलावंच लागलं. ते इथे देत नाही. त्या बायकांतल्या एकीनं ते शारदाला सांगितलं, आणि त्या संध्याकाळपासून ही मनाई.

डॉक्टरीणबाईंना दाखवायला अजून सहा दिवस आहेत. रोज सकाळी मोबाइलची टॉर्च लावून आरशात बघतो. कधी डाग लहान झालेला वाटतो, कधी टॉर्चच कमी झाल्यासारखी वाटते. भीती वाटते, शंकररावजी. हे तोंडानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गजानन

ता. क. : रविवारी अभिरामरावांनी आम्हाला त्यांच्याकडे बोलावलं आहे, ‘एकदा नीट बोलून घेऊ’ म्हणून. तरी आपण शनिवारीच इंदूरला यावं, ही विनंती. (पत्र मुख्यतः यासाठीच आहे.) वधूपक्षाकडून आपण बोलावं. मी शेजारी बसून “हं” म्हणेन, सराव आहे.

ता. क. दुसरा : आपण केस काळे केल्याचा फोटो पाठवलात, त्यावर मी फोनवर “हे कोण?” असं विचारलं, त्याबद्दल क्षमा असावी. फोटो मात्र पुन्हा पाठवू नये.

ता. क. तिसरा (हे अक्षर शारदाचं) : दादा, पत्र पाकिटात घालायच्या आधी मी वाचलं. आत्ताच विहीणबाईंचा फोन येऊन गेला. लग्न मोडलेलं नाही. म्हणाल्या, रविवारी काही झालं तरी गजाननरावांना घेऊन या, आमच्याकडे अजून चार-पाच गोष्टी आहेत ज्या मी अठ्ठावीस वर्षांत विचारू शकले नाही, यादी करून ठेवलीय. मी हो म्हटलंय. तू जरूर ये, पण तिथे बोलायचं ते यांनीच. तू लाडू खात बस.