बोटाखालची ओळ

कोल्हापूर,
मंगळवार

प्रिय सयाजी,

गेल्या आठवड्यात पाठवलेली दोन पुस्तकं पोचली असतील. विहिरी खोदणाऱ्या माणसांचं आहे ते बेळगावातनं घेतलं, आणि सायकलवरनं हिमालयात गेलेल्या मास्तरांचं सोलापुरातनं. बेळगावच्या दुकानात अर्धी कपाटं कानडी, अर्धी मराठी. म्हातारा मालक आधी माझ्याशी कानडीतच बोलला, मग नाक वर करून म्हणाला, "दुधाच्या गाडीवर हाय न्हवं तुम्ही? वास येतोय की." मी म्हटलं, व्हय, टँकर तिकडं रिकामा व्हायलाय, तोवर दोन तास तुमच्यात. त्यानं स्टूल दिलं, चहा दिला, आणि मी पुस्तकाची चाळीस पानं तिथंच बसून वाचली तरी एक शब्द बोलला नाही. सहा वर्षांत माझी अशी बारा-चौदा दुकानं झाली आहेत. ड्रायव्हर लोकांना कुठल्या ढाब्यावर मटण चांगलं ते पाठ असतं, मला कुठल्या गावात कुठलं दुकान किती वाजता उघडतं ते पाठ आहे. केबिनमध्ये सीटच्या मागं कायम तीन-चार पुस्तकं असतात. वाचून झालं की तुला पाठवतो. मी वाचलेलं नाही असं पुस्तक मी तुला कधी पाठवलेलं नाही, एवढं तरी खरं आहे.

मागच्या दिवाळीत मुरगूडला आलो होतो तेव्हा संयोगिता तुला वाचून दाखवत होती आणि मी बाहेर कट्ट्यावर बसून ऐकत होतो. आत आलो नाही, कारण मी आलो की ती थांबते. तुझी बहीण वाचते छान. भांडण आलं की तिचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तुला मानेखाली काही हलवता येत नाही, म्हणून पान उलटायच्या आधी ती तुझ्याकडं बघते आणि तू डोळे मिटून होकार दिलास की उलटते. हे मी खिडकीतनं बघितलं. हे पत्रही तीच तुला वाचून दाखवेल, हे मला माहीत आहे.

आता एक बातमी. गुंडूमामांनी सांगितली असेल तर अर्धवट सांगितली असेल, म्हणून सगळीच लिहितो. पंधरा दिवसांपूर्वी पुण्यात होतो. नदीपलीकडं फुटपाथवर एक आजोबा जुनी पुस्तकं मांडून बसतात, पुण्याला गेलो की मी त्यांच्याकडं जातोच. त्या दिवशी एका तरण्या माणसानं मोटरसायकल थेट पुस्तकांवर चढवली. आजोबा म्हणाले, बाबा, जरा पुढं लाव. त्यानं उतरून पुस्तकांची थप्पी लाथेनं उडवली. आजोबा उचलायला वाकले तर त्यांच्या कानफटात मारली. त्यांचा चष्मा गटारात पडला. मी मागनं त्याच्या गळ्याभोवती हात टाकला आणि त्याचं तोंड रेलिंगवर आपटलं. दोनदा. दात पडले ते उघड्या पुस्तकावर पडले. मग मी गळा आवळला. त्याचे पाय जमिनीवर घासत होते, चपला निघाल्या, कानाच्या पाळ्या जांभळ्या पडल्या. आजोबाच ओरडायला लागले, "अरे सोड त्याला, मरेल तो!" मला ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं. आणि सयाजी, ऐकू आल्यावर मी आणखी एकदा आवळला. मग सोडला. तो रस्त्यावर पडून ओकला. चौकीत मी सांगितलं की रागात मला काही सुधरलं नाही, कुणी ओरडल्याचं ऐकलं नाही. त्यानंच आधी म्हाताऱ्याला मारलेलं, बघणारे वीस जण होते, म्हणून त्यानं तक्रार केली नाही. मला दुपारपर्यंत बसवून समज देऊन सोडलं. आजोबांनी माझे हात धरले, देवासारखा आलास म्हणाले. पण बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी ते शेवटचं आवळणं बघितलं होतं.

तिथनं कात्रजचा घाट चढेपर्यंत मी ते शेवटचं आवळणं पुन्हा पुन्हा आठवत होतो. भीतीनं नव्हे. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. असं बरं याआधी एकदाच वाटलेलं.

मी नववी नापास का झालो, हे मी तुला तालमीत असताना कधी सांगितलं नाही. मला अक्षरं नाचल्यासारखी दिसायची. ओळीखाली बोट धरलं तरच ती जागेवर थांबायची. आमच्या एका गुरुजींना ते बोट खपायचं नाही. "कुत्र्याला काठी दाखवतोस काय रं?" म्हणून ते पट्टीच्या कडेनं त्याच बोटावर मारायचे. एकदा डोकं धरून फळ्यावर आपटलं, नाकातनं रक्त आलं, वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही, तालमीत आलो. तिथंही मार होताच. वस्तादांची चिंचेची ओली फोक पाठीवर उमटायची, कान चुरगळून फुटायचे, पहाटे थंड मातीत तोंड घासलं जायचं. पण तिथला मार सगळ्यांना सारखा होता, म्हणून तो कधी लागला नाही.

आणि तिथं तू होतास. बी.ए. झालेला पैलवान. खुराकाच्या पिशवीत बदामाबरोबर पुस्तक ठेवणारा. जोर-बैठका झाल्या की लंगोटावरच भिंतीला टेकून वाचत बसायचास आणि पोरं म्हणायची, "सयाजीला भूत लागलंय कागदाचं." मला पहिलं पुस्तक तू दिलंस. मी ते पाच महिने वाचलं. संपलं त्या दिवशी तू मला रंकाळ्यावर नेऊन भेळ खायला घातलीस आणि म्हणालास, "कृष्णा, आता तुला कोण अडवतंय?" मैदानं मारायला जिथं जिथं गेलो, तिथं तिथं आपण आधी पुस्तकाचं दुकान शोधायचो. पाकिटावर नाव वाचायचं झालं तर तोंड लपवणारा मी, पण दुकानात तुझ्याबरोबर ताठ मानेनं शिरायचो. हे सगळं तूच मला दिलंस. हे विसरून मी पुढचं लिहीत नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी आपण मिरजेत उतरलो. मैदान कृष्णाकाठच्या गावात, संध्याकाळचं. दुपार मोकळी होती म्हणून बाजारातल्या त्या दुकानात गेलो. मी समुद्रावरच्या एका जाड कादंबरीचं पहिलं पान उघडून उभ्यानंच वाचायला लागलो. दुकानदार म्हणाला, "पैलवान, चित्रांचं पुस्तक तिकडं हाय." तू हसलास. तू म्हणालास, "अहो, वाचतोय की त्यो. नववी नापास हाय, बोट धरून वाचतोय. हे एक पान वाचूस्तवर तुमचं दुकान बंद करायची येळ हुईल." दुकानदार हसला. कॉलेजच्या तीन पोरी होत्या, त्यांतली एक माझ्या बोटाकडं वाकून बघून हसली. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि दुसऱ्या कपाटाकडं गेलास. तुझ्या मनात काही नव्हतं. असली चेष्टा आपण रोज करायचो. तुला तर हे आठवतही नसेल. पण मी पुस्तक मिटलं तेव्हा माझं बोट आतच राहिलं होतं आणि ते दुखत होतं, खरंच दुखत होतं, पट्टी बसावी तसं.

मैदानावर माझा जोडीदार आलाच नाही. गावकरी म्हणाले, तुम्ही दोघं एका तालमीचे, तर दोस्तीत लढा, लोकांना खेळ दाखवा. सलामी देताना तू माझ्या कानात म्हणालास, "पंधरा मिनिटं खेळू, बरोबरीत सोडवू." मी मान हलवली. पहिली दहा मिनिटं मी तसाच खेळलो. मग तू माझ्या पायांत शिरून पट काढलास, मी निसटून पाठीवर आलो, तू हातागुडघ्यांवर खाली. लोक ओरडले. हलगी कडाडली. गर्दीतनं कुणीतरी हसलं, कशाला हसलं देव जाणे, पण मला ती पोरगी दिसली. तुझी मान माझ्या कोपराच्या बेचक्यात होती, माझा गुडघा तुझ्या मानेच्या मुळाशी. आपण आखाड्याच्या कडेला गेलो होतो. पंचांनी थांबायची शिट्टी मारली.

सहा वर्षं सगळे म्हणतात, हलगीच्या आवाजात शिट्टी ऐकू आली नाही. पंच तसंच म्हणाले, पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. वस्ताद मला जवळ घेऊन म्हणाले, "मातीचा खेळ हाय पोरा, तुझा दोष न्हाय." दवाखान्यात तुझ्या नाकात नळ्या होत्या आणि तुला एकच वाक्य बोलता आलं, तेही तू त्यातच घालवलंस. "कृष्णा, तू रडू नको, तुला ऐकू आली न्हाय." बाहेर येऊन मी संडासाच्या भिंतीवर कपाळ आपटलं. लोक म्हणाले, दोस्त असावा तर असा.

मला ऐकू आली होती, सयाजी. तुलाही आली होती. शिट्टी झाली की पैलवान अंग सैल सोडतो, तसं तू सोडलंस. माझ्या हाताखाली तुझी मान मऊ झाली, ते मला कळलं. तू म्हणालास, "सोड, कृष्णा." तुझ्या तळव्यानं माझ्या मांडीवर दोनदा मारलंस. मी ते सगळं ऐकलं, आणि मग सगळं वजन टाकून तुझी मान पिरगाळली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तुझा हात माझ्या मांडीवरनं खाली घसरला आणि मातीत उताणा पडला. तुला जिवे मारायचं होतं असं नाही. पण दुखवायचं होतं. तू किंचाळावंस आणि त्या गर्दीनं तुला हसावं, एवढंच त्या क्षणी मला हवं होतं. मी मुद्दाम केलं. हे वाक्य मी आजवर कागदावर लिहिलेलं नव्हतं. लिहिताना बोट ठेवून लिहिलं.

त्यानंतर मी लंगोट बांधला नाही. दुधाच्या गाडीवर लागलो, गावोगावची दुकानं धुंडाळली, तुला पुस्तकं पाठवली. तू लोकांना सांगतोस की कृष्णातनं मला जिवंत ठेवलं. प्रत्येक पुस्तक पाठवताना वाटायचं, आतल्या पानावर खरं लिहावं. प्रत्येक वेळी फक्त गावाचं नाव आणि तारीख लिहिली.

परवा तुझे गुंडूमामा माझ्या खोलीवर आले होते. तुझ्या आईचा, मावशींचा, लग्नाबद्दलचा निरोप घेऊन. "सयाजीचीच इच्छा हाय, संयोगितालाबी विचारलंय, ती न्हाय म्हणली न्हाय. तू आमच्या घरचाच हायस." ते बोलत होते आणि मी खाली बघत होतो. त्यांना वाटलं मी लाजलो. सयाजी, मला हो म्हणायचं होतं. दिवाळीपासून घाट उतरताना तिचा आवाज माझ्या केबिनमध्ये असतो. मी हो म्हटलं असतं तर तुम्हाला कुणालाच कधी काही कळलं नसतं, आणि मी तुझ्या खाटेशेजारी बसून, तुझ्या बहिणीचा नवरा म्हणून, आयुष्यभर तुझी माया फुकट घेतली असती. मामांना मी नाही म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही, ते या पत्रात आहे. संयोगिता, सयाजीनं हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं असं मी वर लिहू शकलो असतो. लिहिलं नाही, कारण पुण्यात गळा आवळणारा मी पंधरा दिवसांपूर्वीचाच आहे, आणि मी कोण आहे ते तुलाही कळायला हवं. तू थांबली असशील तर पुन्हा सुरू कर, दोनच ओळी राहिल्या आहेत. रविवारी माझी सुट्टी आहे, सकाळच्या एसटीनं मुरगूडला येतो आणि मावशींना समोर बसून माझ्या तोंडानं सांगतो. दार लावलेलं असलं तर बाहेर उभा राहून सांगेन, आळीनं ऐकलं तरी चालेल, पण सांगितल्याशिवाय परत जाणार नाही.

तुझाच,
कृष्णात