मागची गाठ

१४ तारीख, रविवार दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. इकडे सगळं ठीक. कारखान्यात पडद्यांची मोठी ऑर्डर आली आहे, मी मात्र रजेवर. 'ठीक' लिहून लगेच 'रजेवर' लिहिलं, म्हणजे तू काय ते ओळखलंच असशील.

गेले काही महिने शौचाला रक्त जायचं. मला वाटलं मूळव्याध. दिवसभर मशीनवर बसणारीला दुसरं काय होणार? दुकानातून मलम आणत राहिले. मग तिथे गाठच हाताला लागली. ह्यांना सांगायचं ठरवलं, पण जीभ रेटेना. मी एवढंच म्हणाले, "मागे गाठ आली आहे." ह्यांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "इथे?" आणि मी गाढवासारखी हो म्हणाले.

तेव्हापासून हे रोज संध्याकाळी माझी पाठ चोळतात. "आज जरा विरघळल्यासारखी वाटते," असंही म्हणतात. मला हसू येतं, मग रडू येतं. इतक्या वर्षांत कधी पाठीवरून हात फिरवला नव्हता. खरं सांगितलं तर तेही बंद होईल की काय, असं मनात येतं. मी नक्की कशाला घाबरते, माझं मलाच कळत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले. त्यांनी बोट घालून तपासलं, दुर्बिणीने पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. गुदद्वाराचा. लिहिला बघ शब्द. छातीचा असता तर चारचौघांत सांगता तरी आला असता.

मी विचारलं, "कधी कापणार?"

"कापायचं नाही. किरणं द्यायची आणि सोबत केमो. ही गाठ बहुतेकदा तेवढ्यानेच जाते. उरलीच तर ऑपरेशन."

ताई, आपण शिवणारी माणसं. कुजलेलं कापड आपण कापूनच टाकतो. न कापता जाईल कशी? शिवाय उपचार संपले तरी लगेच काही कळत नाही, गाठ विरायला महिने लागतात म्हणे. म्हणजे बरी झाले की नाही हे न कळताच घरी यायचं. कातडी भाजल्यासारखी होईल, जुलाब होतील, सोबत घरचं माणूस हवंच, असंही बजावलं. अर्धं डोक्यात शिरलं, अर्धं डोक्यावरून गेलं. मान मात्र सगळ्याला डोलावली.

उद्या सुरू होणार. तू ये आणि तूच ह्यांना सांग, असं लिहायला बसले होते. पण बायकोचं दुखणं नवऱ्याला मेहुणीने का सांगावं? पत्र टाकायला हेच जातात, आणि उघडं पाकीट दिसलं की वाचल्याशिवाय ह्यांना राहवत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून पाकीट चिकटवत नाही.

अहो, वाचलंत ना? गाठ पाठीत नाही. तरी आज संध्याकाळी पाठ चोळा. आणि उद्या माझ्याबरोबर चला.

ताई, तुझ्याआधी ह्यांना कळलं म्हणून रागावू नकोस. जमेल तेव्हा ये.

तू जिला घुमी म्हणायचीस ती,
अखेर बोललेली,
तुझी धाकटी