मोटरीच्या कोळशाला पाणी

बा, तुझा खोकला थांबला का? शेवटी शेवटी थुंकीत काळं यायचं, ते आता तरी निवळलं असेल. मायचे गुडघे कसे आहेत? तिथं चुलीपुढं उकिडवं बसावं लागत नसेल तर बरे असतील. तिला सांग, तिची कोळशाची चाळणी मी अजून वापरते, आता तिच्यातून जवस चाळते एवढंच. ड्रायव्हरभाऊंनी बिडी सोडली का? आणि काका? काकाचा हात थंडीत दुखतो का अजून? गेलेली बोटंसुद्धा दुखतात म्हणे माणसाला. खरं म्हणजे आधी त्याचंच विचारायचं होतं, पण हात वळून वळून शेवटी तिथं आला. तो तुझ्या शेजारी बसतो का, बा? की तिथंही तुम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले आहात?

मी बरी आहे. तीन दात उरले, तेही पाहुण्यासारखे, आज आहेत तर उद्या नाहीत. लिहायला बसले त्याला कारण नातवाची फटफटी. मागच्या आठवड्यात ती त्याच चढावर बंद पडली. होय, तोच चढ, आता त्याच्यावर डांबर आहे. मेकॅनिक म्हणाला, टाकीत पाणी गेलं. आता पेट्रोलात उसाची दारू मिसळतात म्हणे, आणि ती पाणी ओढते. आमच्या वेळी मोटर कोळशावर चालायची असं मी सांगते तर पोरं हसतात, म्हातारी भ्रमली म्हणतात. नातू घरी आला तो बायकोवर ओरडतच. आदल्या दिवशी तिनं गाडी धुतली होती. ती भिंतीला टेकून उभी. तिचा तो चेहरा मी पाहिला आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मी म्हटलं, "तिनं नाई, मीच धुतली गाडी." नातू हसला. "आजी, तुले कोन काय म्हनन?" म्हणाला आणि चहा मागितला. झालं, मिटलं. ज्याला कोणी काही म्हणणार नाही त्यानं दोष घेतला तर त्यात काय मोठं? काकानं घेतला तेव्हा त्याच्या हातातून रक्त गळत होतं.

तुला आठवते का ती मोटर? मागच्या बाजूला लोखंडी कोठी, माणसाच्या उंचीची. तिच्यात कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि हातानं पंखा फिरवत बसायचं. निखाऱ्यातून गॅस निघायचा, नळीतून इंजिनात जायचा आणि मोटर चालायची. निघायच्या आधी अर्धा तास तिची पूजाच मांडावी लागे. लढाईच्या काळात पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटरीच्या मालकानं ती कोठी बसवली. लढाई संपली, इंग्रज गेले, तरी कोठी राहिली ती तुझ्या कोळशामुळे. तू आणि काका मिळून भट्टी लावायचे. काका नात्याचा नव्हे, जंगलातल्या गावचा, त्याचे देव वेगळे, बोली वेगळी, पण धूर वाचावा तर त्यानंच. पांढरा धूर निघाला की म्हणायचा, लाकूड घामेजलं. पिवळा झाला की, शिजून राह्यलं. निळा झाला की भट्टीच्या मातीवर हात ठेवून बोटांनीच सांगायचा, आता तोंड बंद करा. तुझी जीभ, त्याची बोटं. तू कोळसा जिभेला लावायचास. कोरडा असला तर तो जिभेला चिकटून राहतो, ओला असला तर गळून पडतो. चुलीच्या कोळशावर पाणी मारलं तर चालतं, पण मोटरीचा कोळसा मातीनंच विझवायचा, हा तुझा धर्म होता. "मोटरीच्या कोयशाले पानी म्हंजे दुधात मीठ," असं तू म्हणायचास.

मी तेव्हा बावीस वर्षांची, कडेवर पोर घेऊन सासरहून परत आलेली. माझ्या पाठीवर उलथन्याचे डाग होते, ते मायनं तुला दाखवले, तेव्हा तू स्वतः बैलगाडी जुंपून मला घेऊन आलास. त्यासाठी मी तुझी किती उतराई होऊ? पण गाडीतच तू सांगितलंस, "एक डाव आनली. घरात चूक केली तं मीच नेऊन घालीन." तू तसं खरंच केलं असतंस का, हे मला अजून माहीत नाही. पण मी ते खरं धरून चालले. सासरचे दर महिन्याला निरोप धाडतच होते, पोरीला पाठवा म्हणून.

मग मालक एके दिवशी म्हणाला, आता चांद्याला पेट्रोल पाहिजे तेवढं मिळते, कुपन नाही, काही नाही, ही कोठी काढून टाकतो. ड्रायव्हरभाऊ मागं लागले, "मालक, जंगल दारात अन् पेट्रोल समुद्रापलीकडून आनता?" मालक हसला. म्हणाला, येत्या बाजाराच्या दिवशी भरली मोटर चढावर चढवून दाखवा, चढली तर कोठी राहील. आता चढावर थोडं पेट्रोल देऊनच मोटर चढवायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तू छातीवर हात मारून म्हणालास, "पेट्रोलचा थेंब नाई घालू देनार. माह्या कोयशावर चढन." भट्टीवरची सात घरं त्या शब्दावर उभी होती, बा. मोटर चढली तर कोळसा, नाही तर रस्त्याची खडी.

भट्टी फोडून कोळसा बाहेर काढला, त्याचा ढीग केला, त्यावर माती टाकली. दोन दिवस ढिगावर नजर ठेवायची, कारण आत एखादा निखारा जिवंत राहिला आणि त्याला वारा लागला की सगळा ढीग पेटतो. तू आणि काका पोती आणायला सावली गावाला गेले. ढीग माझ्यावर सोपवला. आणि मी काय केलं? मोटरीचा भोंगा वाजला तशी सडकेवर पळाले. मोटरीच्या कपाळावर गावांची नावं लिहिलेली असायची, मूल, सावली, सिंदेवाही. ती अक्षरं पाहून मी दगडावर कोळशानं तशीच काढायची. कोणी शिकवलं नाही. मोटर थांबे तेवढ्या वेळात एक-एक अक्षर उचलायचं. त्या दिवशी सिंदेवाहीतला 'सिं' गिरवत होते. मोटर गेली, मी परत फिरले, तर ढिगातून धूर येत होता.

माती पाच पावलांवर होती, फावडं तिच्यातच रोवलेलं. पण माती वाळून दगडासारखी झाली होती आणि पाण्याच्या दोन घागरी भरलेल्या, जवळ. मी घागरी उलट्या केल्या. ढीग 'फस्स' करून बसला. वाचला सगळा. मग मी तो पसरला, वाऱ्याला लावला, पण मार्गशीर्षातलं ऊन ते, दाराशी येते आणि उंबऱ्यावरूनच परत जाते. संध्याकाळी वरचा एक तुकडा जिभेला लावला. तो चिकटला. दुसरा लावला नाही. बा, मी मुद्दामच दुसरा लावला नाही.

सकाळी पोती भरताना काकानं एक तुकडा उचलला, हातात फिरवला, मोडून पाहिला. मग रिकाम्या घागरींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रातच्याले दव लई पडला, नाई का बाई?"

मी म्हटलं, "हो काका, लई पडला."

त्यानं मला दार उघडून दिलं होतं. मी ते लावून घेतलं. काका घरी गेला. आपल्या घरचा, गेल्या भट्टीचा कोरडा कोळसा होता तो घेऊन आला आणि प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी भरला. तू नंतर जीभ लावलीस ती त्यालाच. म्हणाला, "वरतून कोरडा असला तं चढन." बहुतेक स्वतःलाच म्हणाला.

आणि चढलीच मोटर. काकाच्या कोळशावर तीनातले दोन हिस्से चढ चढली. आपण तिघं चढावर उभे आहोत. मोटरीत माणसं, कोंबड्या, एक बकरी, टपावर धानाची पोती. तुझ्या तोंडावर असं हसू मी पुन्हा पाहिलं नाही. मग इंजिन खोकललं. एकदा, दोनदा. टपावरून एक जण ओरडला, "अवो भट्टीवाले, मोटरले सर्दी झाली, काढा पाजा!" सगळे हसले. तिसऱ्यांदा खोकून ती थांबली, आणि मागं यायला लागली. ड्रायव्हरभाऊ ब्रेकवर उभे राहिले तरी येतच होती. बाया किंचाळल्या. काका चाकाला लावायचा लाकडी गुटका घेऊन धावला, मागच्या चाकाखाली खुपसला. मोटर थांबली. गुटक्यावर थांबली, आणि त्याच्या हातावर.

तीन बोटं. मी लुगड्याचा पदर फाडून बांधला, तो भिजला, पुन्हा फाडला. काका नुसता हाताकडे पाहत होता, एखाद्या दुसऱ्याचाच असावा तसा. तेवढ्यात मालक उतरला. पहिल्यांदा टायर पाहिला. मग कोळशाच्या उरलेल्या पोत्यात खालपर्यंत हात घातला, एक कोळसा काढला आणि तुझ्यापुढं धरला.

"जीभ काढ."

तू कोळसा घ्यायला हात पुढं केलास.

"तुह्या जिभेची लई तारीफ ऐकलो. काढ जीभ, साऱ्याईले पाहू दे."

चाळीस माणसांपुढं तू जीभ बाहेर काढलीस, बा. पोरासारखी. त्यानं कोळसा ठेवला. तो क्षणभर राहिला आणि गळून पडला. कोणी हसलं नाही तेव्हा. तू म्हणू शकत होतास की सकाळचं दव आहे, पोतं भिजलं आहे, काहीही. तू म्हणालास, "ओला हाय. पानी मारलेला हाय." तुझ्या खरेपणाची मला तेव्हा चीड आली होती, आज सांगते.

मग तू काकाकडे वळलास. "या ढिगाजवळ आपन तिघंच. पोरगी माही मातीत वाढली, ते असं करनार नाई. कोन मारलं पानी?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण त्याच क्षणी पाठीवरचे डाग सगळे एकदम जळायला लागले, आणि काका माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी मारलो, भाऊ."

"काऊन?"

"मारलो."

आणि तू म्हणालास. तुला आठवते का काय म्हणालास? तीस वर्षं एका भट्टीवर भाकर मोडलेल्या माणसाला, त्याच्या हातातून रक्त चालू असताना? "बोटं गेले ते बरंच झालं. अशा हातानं कराचं का होतं?" मी त्याचा हात धरून होते. मी पदराची पट्टी आणखी आवळली. 

पुढचं तुला माहीत आहे. कोठीचे बोल्ट काढले, ती कितीतरी वर्षं सडकेच्या कडेला पडून होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. सात घरं पांगली. तू त्याच चढावर खडी फोडलीस, पेट्रोलच्या मोटरी नीट चढाव्या म्हणून. काका त्याच दिवशी गाठोडं घेऊन आपल्या गावी गेला. पण तुला हे माहीत नाही, की तो मला एकदा बाजारात भेटला होता. दोन बोटांनी विणलेल्या टोपल्या विकत होता. बऱ्याच वाकड्या होत्या. मला पाहून उठून उभा राहिला. "बाई, बा बरा हाय का?" मी म्हटलं, बरा आहे. "त्याले सांगशीन..." एवढं म्हणाला, मग थांबला, दोन बोटांचा हात हवेत हलवला, "जाऊ दे." मी एक टोपली घेतली आणि निघून आले. तो वारला तेव्हा निरोप आला होता. तू म्हणालास, "खोट्याच्या मातीले मी नाई जात." मीही गेले नाही. मी जायला पाहिजे होतं, तू नव्हे.

आणि तुझं शेवटचं. तू खाटेवर, मी चमच्यानं पाणी पाजते आहे. तू म्हणतोस, "पोरी, एक समजलं नाई. त्यानं काऊन मारलं असन पानी? त्याले का कमी होतं? इतके वर्स इचार करून राह्यलो." आता कसली भीती होती मला? नवरा मरून गेला होता, तू मला कुठे नेऊन घालणार होतास? तरी मी म्हटलं, "बोलू नको बा, दम लागन," आणि आणखी एक चमचा पाणी तुझ्या तोंडात घातलं. तू ते गिळलंस. तो प्रश्न घेऊनच तू गेलास.

तर आता सांगितलं. काकाला विचारू नको. तो तिथंही "मीच मारलो" म्हणेल. त्याच्या बाजूला जाऊन बस आणि त्याचा हात हातात घे, बस.

हे पत्र मी फळीवर चाळणीखाली ठेवणार आहे. पत्ता नाही म्हणून नव्हे. पत्ता असता तरी टाकलं नसतं, हे तुला आता समजतच असेल. पण तू मात्र लिही. तुला अक्षर येत नव्हतं, काकालाही नाही, तर तिथल्या कोणाकडून दोन ओळी लिहून घ्या. लवकर घ्या, बा. मीही आता निघण्याच्या बेतात आहे, आणि तू हात धरल्यावर काका काय म्हणाला हे कळल्याशिवाय तुम्हा दोघांच्या समोर येऊन उभी राहायची हिंमत माझ्यात अजूनही नाही.