कोणता बंब जळाला

उस्मानपुरा, औरंगाबाद
१२ जानेवारी १९८७

ती. दमयंतीआत्यास,
मृण्मयीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. पण मला घरी अक्षरं शिकवताना खोटं लिहू नये हेही तूच शिकवलंस, म्हणून आधीच सांगते. आपला तांब्याचा बंब गेला, आणि तो माझ्यामुळे गेला.

तो गळत होता हे तुला ठाऊक आहे. पाणी आतल्या निखाऱ्यांवर ठिबकायचं आणि न्हाणीघरात धूर कोंडायचा. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, ते असं गळून वाया जायला नको म्हणून मी विजेचा गीझर सुचवला. बाबांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी नवा बंबच घ्यायचं ठरलं. शेजारच्या आप्पासाहेबांच्या फोनवरून मी टेलिफोन खात्याच्या चौकशीला बंबवाल्यांचा नंबर मागितला. त्या नंबरवर नीट सांगितलं की फार धूर झालाय, वडील आत खोळंबलेत, लवकर बंब घेऊन या. किंमत विचारली, तर किंमत कसली, निघालोच, असं म्हणाले. माणूस भला वाटला.

दहा मिनिटांत लाल गाडी घंटा वाजवत आली. बाबा साबण लावून बसले होते. गाडीवरचे बन्सीभाऊ म्हणाले की पाणी मारल्याबिगर परत गेलं तर खोटी वर्दी लागते, लई चौकशी होते, आणि धूर तर दिसतोयच. त्यांनी पाणी मारलं. तापलेल्या बंबाचे सगळे सांधे उघडले. बाबांचा साबण मात्र स्वच्छ निघाला.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.
तुझी मृण्मयी

परभणी
१८ जानेवारी १९८७

चि. मृण्मयीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

साबणाचं वाचून इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. पण बंब मोडीत घालू नकोस. तुझा बाबा, आमचा हेमचंद्र, लहानपणी फार काकडायचा. थंडीत आई त्याला बंबापाशी बसवून पाढे म्हणून घ्यायची. अख्ख्या घरात ऊब तेवढीच होती. गळका का होईना, त्याच्यापाशी राहू दे.

आणि तू उगाच कुणाकुणाची माफी मागत फिरू नकोस. तुझा स्वभाव मी ओळखते.

बाबाला जप, स्वतःलाही जप.
तुझी आत्या

उस्मानपुरा
३ फेब्रुवारी १९८७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच मी अग्निशमन केंद्रावर जाऊन माफी मागून आले होते, आणि गेले ते बरंच झालं. बन्सीभाऊंनी वहीत लिहिलं होतं, काय जळालं: बंब. कशाने विझवलं: बंबाने. वरच्या साहेबांनी पहिलीच ओळ वाचली आणि सरकारी बंब जाळला म्हणून त्यांना घरी बसवलं. गाडी आवारात उभी होती. बन्सीभाऊंनी ती दाखवली, तर साहेब म्हणाले की ती जळालेली आहे, ही दुसरी असणार.

मी लेखी दिलं की जळाला तो आमचा, चूक माझी. साहेबांनी जळालेला बंब जमा करायला सांगितला. जमा केलेली वस्तू परत मिळत नाही. ती जमा झाली नाही तर बन्सीभाऊंची नोकरी परत मिळत नाही.

बाबांना हे सांगायला मला दोन दिवस लागले. ते उठले आणि चिंच घेऊन बंब घासायला बसले. तो जळालेला दिसायला हवा, असं मी भीतभीत म्हटलं. देणार तर स्वच्छच देणार, म्हणाले.

हातगाडीवरून नेलेला तो चकचकीत बंब पाहून साहेब म्हणाले की हा तर जळालेलाच नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "साठ वर्षं रोज सकाळी जळालाय, साहेब. मी पाहिलंय."

साहेबांनी लिहून घेतलं. बन्सीभाऊ दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

बाबा आठवडाभर गार पाण्याने आंघोळ करत होते. काल त्यांनीच गीझरचं काढलं. मी दुकानात फोन करू का विचारलं, तर घाईघाईने चप्पल घालत म्हणाले, नको, आपण चालत जाऊ.

उत्तर लवकर लिही, आणि माया आहे तेवढीच असू दे.
तुझी मृण्मयी